सायीतलं भोक

दुधावर साय धरावी तसा पेट्री प्लेटमधल्या अगारवर जिवाणूंचा थर धरतो. मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊबंद. त्याला ३७ अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत प्लेटभर त्याची पिवळसर पांढरी साय पसरते. प्लेट उजेडासमोर धरली की कधीकधी त्या सायीत मधेच एक गोल भोक दिसतं. टाचणीच्या डोक्याएवढं, फार तर मसुराच्या डाळीएवढं. त्या भोकातून पलीकडचा उजेड स्वच्छ येतो, कारण तिथे काहीच नाही. जिथे जिवाणू वाढायला हवे होते तिथे ते वाढले नाहीत, एवढीच त्या भोकाची हकिकत. प्रयोगशाळेत त्याला प्लाक म्हणतात आणि सूक्ष्मजीवशास्त्रात त्याचा मान फार मोठा आहे. चमचाभर मातीत दडलेला एक विषाणू, जिवाणूंवर जगणारा बॅक्टेरिओफाज, त्या जागी एका जिवाणूत शिरला, त्याच्याकडून स्वतःच्या डझनांनी प्रती काढून घेतल्या, त्याला फोडून बाहेर पडला आणि त्या प्रती शेजारच्या जिवाणूंत शिरल्या. असं होत होत नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी जागा मोकळी झाली. फाज स्वतः दिसत नाही. दिसतं ते त्याने करून ठेवलेलं रिकामपण.

नसण्यावरून काही कळतं का, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांना नवा नव्हता. ‘जमिनीवर घडा नाही’ हे आपल्याला नेमकं कशाने कळतं, यावर त्यांनी शतकानुशतकं वाद घातला. वैशेषिकांच्या परंपरेत पुढे अभाव हा सातवा पदार्थ मानला गेला. कुमारिलाच्या परंपरेतल्या मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाणाचा दर्जा दिला. पण त्याला त्यांनी एक अट घातली, आणि ती मला फार मोलाची वाटते. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे. घडा असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही, असं म्हणता येत नाही. फाज शोधणाऱ्याच्या टेबलावर ही अट रोज लागू होते. साय सगळीकडे सारखी धरली असेल तरच भोकाला अर्थ. अगार ओतताना हवेचा बुडबुडा अडकला तर तोही हुबेहूब भोक पाडतो. जिवाणू कमी पडले किंवा अगार जास्त गरम राहिला तर सायच विरळ होते आणि मग सगळीच प्लेट भोक होऊन बसते. म्हणून शेजारी एक प्लेट अशी ठेवावी लागते की जिच्यात मातीचं पाणी घातलेलं नाही. तिची साय अखंड असेल तर आणि तरच शेजारच्या प्लेटमधलं भोक बोलू लागतं. मराठीत शोध ‘लागतो’ आणि शोध ‘घेतला’ जातो. भोक दिसलं की शोध लागला, असं सहज म्हटलं जातं. माझं म्हणणं असं आहे की शोध घेण्याची तिथे नुसती सुरुवात होते. फाजच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात ज्यांनी भोक पाहून थेट उपयोगाकडे धाव घेतली त्यांच्या पदरात फारसं पडलं नाही. ज्यांनी उपयोगाचा विचार बाजूला ठेवून एकेका फाजची नीट ओळख करून घेतली त्यांच्या कामातून पुढे औषधही निघालं.

पहिला दाखला आपल्याच देशातला. अर्नेस्ट हॅन्किन हा इंग्रज जिवाणूशास्त्रज्ञ आग्र्याच्या सरकारी प्रयोगशाळेत होता. १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात त्याने लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, पाणी उकळलं की मात्र त्याची ही शक्ती जाते. या एका निबंधावरून फाजचा पहिला शोध भारतात लागला असं आपल्याकडे अभिमानाने लिहिलं जातं. मला ते पटत नाही. हॅन्किनचा संशय पाण्यातल्या एखाद्या उडून जाणाऱ्या द्रव्यावर होता. त्याला जे दिसलं ते महत्त्वाचं होतं, पण ते फाज होते की दुसरं काही, हे त्या निबंधावरून आज कुणालाच ठरवता येणार नाही. १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्टला जिवाणूंच्या वसाहती काचेसारख्या पारदर्शक होऊन विरताना दिसल्या. त्याने दोन-तीन शक्यता मांडल्या आणि तो तिथेच थांबला. १९१७ साली पॅरिसमध्ये आमांशाच्या रुग्णांवर काम करताना फेलिक्स देरेलने हीच गोष्ट पाहिली, ‘बॅक्टेरिओफाज’ हे नाव दिलं, आणि एक पाऊल पुढे टाकलं: त्याने भोकं मोजली. गाळलेलं पाणी दहापट पातळ केलं की भोकं दहापट कमी होत, पण उरलेलं प्रत्येक भोक आधीइतकंच स्पष्ट असे. एखादं रसायन पातळ केलं तर त्याचा परिणाम सगळीकडे सारखा फिका पडला असता. इथे परिणाम फिका न होता विरळ होत होता, म्हणजे मारणारी वस्तू कणांच्या रूपात होती. नोबेल मिळालेल्या झ्यूल बोर्देसारख्या शास्त्रज्ञाने हे मानलं नाही. जिवाणू स्वतःच्याच एखाद्या विकराने विरघळतात, असं त्याचं मत होतं. वाद पुढे वीसेक वर्षं चालला. १९४० साली जर्मनीत हेल्मुट रुस्काने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूंना चिकटलेले फाज दाखवले तेव्हा कुठे तो मिटला. म्हणजे २३ वर्षं फाजच्या बाजूने सगळ्यात भक्कम साक्ष होती ती भोकांच्या मोजणीची. देरेलने निष्कर्ष काढला तेव्हा प्रतिमा नव्हती, रसायन माहीत नव्हतं, आणि तरी तो बरोबर ठरला. कारण त्याने भोक पाहण्यावर समाधान मानलं नाही, ते भोक कसं वागतं हे तपासलं.

त्याच देरेलच्या आयुष्यात याच्या उलट बाजूचाही पुरावा आहे. फाज सापडल्यावर काही वर्षांतच त्याचे उपचार सुरू झाले. प्रतिजैविकं अजून यायची होती आणि आमांश, पटकी, गळवं यांनी माणसं मरत होती, त्यामुळे ती घाई समजण्यासारखी आहे. युरोप-अमेरिकेत फाजच्या बाटल्या विकल्या जाऊ लागल्या. त्या बाटलीत कोणता फाज आहे, तो रुग्णाच्या जंतूला लागू पडतो का, तो जिवंत आहे का, त्यात मेलेल्या जिवाणूंचे किती अवशेष मिसळलेत, हे बहुधा कुणी पाहिलेलं नसे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनसाठी मन्रो ईटन आणि स्टॅनहोप बेन-जोन्स यांनी उपलब्ध शोधनिबंधांची छाननी केली आणि १९३४ साली अहवाल दिला. पुराव्यांत मेळ नाही, काही मोजके स्थानिक संसर्ग सोडले तर लाभ सिद्ध होत नाही, असं त्यांनी म्हटलं. फाज म्हणजे विकरासारखं काहीतरी असावं, हे त्यांचं मत चुकीचं ठरलं, पण उपचारांविषयीची त्यांची तक्रार रास्त होती. त्याच सुमारास आसामात पटकीवर फाज वाटण्याचा मोठा प्रयोग चालू होता आणि त्यातूनही निर्विवाद असं काही हाती आलं नाही. या सगळ्यात पाटण्याला इगोर अशेशोव्हने केलेलं काम मला जास्त टिकाऊ वाटतं. पटकीचे फाज एकाच जातीचे नाहीत हे ओळखून त्याने त्यांची वागणुकीवरून गटवारी केली. उपचारांच्या गाजावाजात ते काम मागे पडलं. १९४० नंतर पेनिसिलिन आलं आणि पश्चिमेकडच्या देशांतून फाजचा उपचार जवळजवळ नाहीसा झाला. तिब्लिसीत १९२३ साली सुरू झालेल्या संस्थेने तो टिकवला, आणि रुग्णाच्या जंतूशी फाज जुळवून पाहण्याची शिस्त हा तिथल्या कामाचा कणा राहिला.

ओळख करून घेणं म्हणजे काय, हे मातीच्या एका नमुन्याबरोबर चालत गेलं की कळतं. २००८ साली अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आणि पिट्सबर्ग विद्यापीठातले ग्रॅहम हॅटफुल यांनी सी-फेजेस हा उपक्रम सुरू केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी आपापल्या अंगणातली, बागेतली, खताच्या ढिगातली माती आणायची आणि तिच्यातला फाज वेगळा काढायचा. माती ओलसर, सावलीतली, कुजलेल्या पाल्याची असली तर बरी. कुठून घेतली, अक्षांश-रेखांश काय, किती खोल, कोणत्या दिवशी, हे सगळं वहीत आधी येतं. मग ती पोषक द्रावात हलवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. जिवाणू मागे राहतात, फाज पलीकडे जातात. ते पाणी स्मेग्मॅटिसमध्ये मिसळून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे फाजना जिवाणूंना चिकटायला वेळ मिळतो. मग वितळलेला पातळ अगार त्यात घालून सगळं मिश्रण प्लेटवर ओतायचं आणि ते गोठायच्या आत प्लेट हलकेच फिरवायची. हात जरा रेंगाळला तर गुठळ्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भोकं दिसली तरी आनंद अर्धाच, कारण एका भोकात दोन फाज असू शकतात. एका भोकाला पिपेटचं टोक लावायचं, ते द्रावात बुडवायचं, दहा-दहापटीने पातळ करत जायचं, पुन्हा प्लेटा ओतायच्या. असं तीनदा. तिसऱ्या खेपेला सगळी भोकं एका तऱ्हेची आली तर आपल्यापुढे एकच कूळ आहे असं धरता येतं. त्यानंतर नेमकं असं प्रमाण शोधायचं की ज्यात भोकं एकमेकांना टेकतील पण साय पुरती नाहीशी होणार नाही. पुस्तकात ठेवलेल्या पिंपळपानाचा हिरवा गर झडून नुसती जाळी राहते, तशी ती प्लेट दिसते. तिच्यावर द्राव घालून ठेवला की फाज त्यात उतरतात, मिलिलिटरला अब्जांच्या घरात. चमचाभर मातीत बेपत्ता असलेला जीव पहिल्यांदाच मोजता येईल इतका एकत्र येतो.

इथून पुढची ओळख मला सगळ्यात रसाळ वाटते. युरेनिल अ‍ॅसिटेटने रंगवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की वीस बाजूंचं डोकं आणि त्याला जोडलेली शेपटी दिसते. डोक्यात डीएनए असतो. शेपटीने जिवाणूला चिकटायचं आणि तिच्यातूनच तो डीएनए आत सोडायचा. लांब शेपटीच्या फाजमध्ये त्या शेपटीची लांबी ठरवणारं एक प्रथिन असतं आणि त्याचं नाव शिंप्याच्या टेपवरूनच पडलं आहे. शेपटी घडत असताना हे प्रथिन आत ताणून धरलेलं असतं, आणि ते जिथे संपतं तिथे शेपटी संपते. १९८४ साली कात्सुरा आणि हेंड्रिक्स यांनी लॅम्डा फाजमधलं हे जनुक मधून कापून आखूड केलं, तर शेपट्याही त्याच मापाने आखूड निघाल्या. हजार अमिनो आम्लांना साधारण दीडशे नॅनोमीटर शेपटी, असा हिशेब बसतो. म्हणून नव्या फाजचा डीएनए वाचून हाती येतो तेव्हा त्यातलं हे लांबलचक जनुक शोधून शेपटीचा अंदाज बांधता येतो आणि तो सूक्ष्मदर्शकातल्या चित्राशी ताडून पाहता येतो. अक्षरांत लिहिलेली लांबी आणि डोळ्यांनी मोजलेली लांबी जुळते तेव्हा ओळख पटली असं म्हणायला जोर येतो. भोकाची प्रतही अशीच बोलते. काही भोकं काचेसारखी स्वच्छ असतात, काही धुरकट. धुरकट भोकाचा फाज नेहमीच मारत नाही. काही जिवाणूंत तो आपला डीएनए त्यांच्या डीएनएत खुपसून मुक्काम करतो आणि एका दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर गप्प राहतो. असा आतून फाज बाळगणारा जिवाणू बाहेरून येणाऱ्या त्याच जातीच्या फाजला दाद देत नाही, म्हणून भोकाच्या मधोमध विरळ साय पुन्हा धरते. नुसत्या डोळ्यांना दिसणारा तो धुरकटपणा म्हणजे एका जनुकाचं काम असतं.

मग सगळा डीएनए वाचला जातो आणि तिथे नम्र व्हायला होतं. शंभराच्या आसपास जनुकं असतील तर त्यांतल्या निम्म्याहून अधिकांपुढे ‘कार्य अज्ञात’ असं लिहावं लागतं. ज्यांची ओळख पटते ती जनुकं एका घराण्याची नसतात. २००३ साली हॅटफुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायकोबॅक्टेरियांच्या १४ फाजांचे जनुकसंच शेजारी मांडले तेव्हा दिसलं की प्रत्येक फाज गोधडीसारखा शिवलेला आहे. हा तुकडा एका फाजच्या लुगड्याचा, तो दुसऱ्याच्या धोतराचा, आणि शिवण बरोबर जनुकांच्या कडेकडेने गेलेली. त्या चौदांत चेन्नईहून मिळालेले तीन फाज होते, त्यांची नावंही शहरावरून ठेवलेली: चे८, चे९सी आणि चे९डी. चे९सीच्या गोधडीत दोन तुकडे असे निघाले की ते ई. कोलायमध्ये डीएनएचे तुकडे हवे तिथे जोडायला वापरल्या जाणाऱ्या प्रथिनांचे नातेवाईक होते. मायकोबॅक्टेरियांत जनुकं बदलणं त्या वेळी फार कष्टाचं काम होतं. २००७ साली चे९सीच्या या दोन जनुकांच्या आधारे ते पुष्कळ सोपं करण्याची रीत प्रसिद्ध झाली, आणि लगेच पुढच्या वर्षी तीच रीत फाजच्या स्वतःच्या डीएनएत फेरफार करायला लावली गेली. चेन्नईचा तो फाज वेगळा काढणाऱ्यांच्या मनात असं काही हत्यार बनवण्याचा विचार नव्हता. तो सापडला, स्वच्छ केला गेला, वाचला गेला, नोंदला गेला, म्हणून ते हत्यार नंतर त्यात दिसू शकलं.

आता या साखळीचं दुसरं टोक. २०१८ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये सिस्टिक फायब्रोसिस असलेली १५ वर्षांची एक मुलगी होती. तिची दोन्ही फुप्फुसं बदलली होती, आणि मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेससचा संसर्ग छातीच्या जखमेत, यकृतात, त्वचेखाली पसरला होता. प्रतिजैविकं थकली होती. तिचा जंतू पिट्सबर्गला पाठवला गेला आणि हजारो फाजांच्या संग्रहातून त्याला लागू पडणारा फाज शोधणं सुरू झालं. तीन फाज निवडले गेले. पहिला मडी: २०१० साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला एका कुजलेल्या वांग्याच्या खालच्या बाजूवरून मिळालेला. दुसरा झोईजे, ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या मातीतला. तिसरा बीपीज, पिट्सबर्गच्याच मातीतला. यांतला मडी एकटा सरळ मारणारा. झोईजे आणि बीपीज मुक्काम करणाऱ्या जातीचे, म्हणजे जसे होते तसे औषधाला निरुपयोगी. पण त्यांना गप्प ठेवणारं जनुक कोणतं हे माहीत होतं, कारण कुणीतरी ते आधीच ओळखून ठेवलं होतं. झोईजेमधलं ते जनुक, पंचेचाळिसावं, ज्या रीतीने काढून टाकलं गेलं ती रीत चेन्नईच्या चे९सीच्या जनुकांवर उभी होती. बीपीजचंही गप्प ठेवणारं जनुक मोडलं गेलं, आणि या जंतूवर अधिक चांगला चालणारा त्याचा एक बदललेला वंश निवडला गेला. त्या वर्षीच्या जूनपासून तिघांचं मिश्रण मुलीच्या शिरेतून दिवसातून दोनदा दिलं जाऊ लागलं, प्रत्येक मात्रेत प्रत्येक फाजचे अब्जभर कण. काही महिन्यांत छातीची जखम भरली, यकृताचं काम सुधारलं, त्वचेखालच्या गाठी बऱ्याच विरल्या. संसर्ग मुळासकट गेला नाही, तरी ती घरी गेली. २०१९च्या मे महिन्यात हा वृत्तांत ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. वांगं, अंगणातली माती, चेन्नईचा नमुना या तीन ठिकाणांना जोडणारी गोष्ट एकच होती: प्रत्येक ठिकाणी कुणीतरी भोक दिसल्यावर काम थांबवलं नाही.

यावर सर्वात सरळ आक्षेप असा की ही निवडून घेतलेली कथा आहे. सी-फेजेसच्या निमित्ताने वाढलेल्या संग्रहात आज वीस हजारांच्या वर फाज आहेत. त्यांतले मूठभर कामाला आले म्हणून बाकीच्यांवर घालवलेले कष्ट सार्थ ठरतात का? हे पोस्टाची तिकिटं जमवण्यासारखं नाही का? आक्षेपात तथ्य आहे, पण उपमा चुकते. नवं तिकीट मिळाल्याने जुन्या तिकिटाचा अर्थ बदलत नाही. फाजच्या बाबतीत बदलतो. जनुकांच्या साम्यावरून फाजांचे गट पाडतात आणि ज्याचा कुणाशीच मेळ नाही त्याला एकांडा म्हणून बाजूला ठेवतात. वर्षानुवर्षं एकांडा राहिलेल्या फाजचा एखादा भाऊबंद दुसऱ्या कुणाच्या अंगणात सापडला की त्या दोघांत काय टिकलं आणि काय बदललं हे कळतं. जे टिकलं ते महत्त्वाचं असणार असा अंदाज बांधता येतो, आणि काल ‘कार्य अज्ञात’ असलेल्या जनुकाला आज नाव मिळू शकतं. गोधडी कशी शिवली जाते हे एका गोधडीवरून कळत नाही. शिवाय त्या मुलीच्या जंतूला हजारोंतला मडी चांगला लागू पडला आणि बाकी दोघांना आधी बदलावं लागलं, यातून संग्रह फार मोठा होता असं दिसत नाही. त्या वेळी तो जेमतेम पुरला असं दिसतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो नव्या तंत्रातून येतो. आता मातीतला सगळा डीएनए एकत्र काढून वाचता येतो आणि त्यातले फाजचे जनुकसंच संगणकावर जुळवता येतात. मग प्लेट, साय, भोक यांत महिने कशाला घालवायचे? मी इथे आक्षेप घेणाऱ्याला अर्धं देईन. स्मेग्मॅटिसच्या सायीत भोक पडतं ते फक्त स्मेग्मॅटिसला मारू शकणाऱ्या फाजमुळे. मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत, त्यामुळे त्यांच्या फाजांना आपल्या प्लेटवर भोक पाडायची संधीच नाही. ते दिसले नाहीत म्हणून ते नाहीत असं म्हणणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत घडा शोधण्यासारखं होईल. सगळा डीएनए वाचणं म्हणजे त्या खोलीत दिवा नेणं, आणि तो हवाच. पण दिव्याने दिसतं ते नुसतं लिखित. २०१४ साली माणसाच्या विष्ठेतल्या डीएनएच्या साठ्यांतून संगणकाने एक जनुकसंच जुळवला, सुमारे ९७ हजार अक्षरांचा, आणि तो जगभरच्या माणसांच्या आतड्यांत विपुल निघाला. त्याला क्रॅसफाज म्हणतात. इतका सर्वत्र असलेला फाज, पण तो कोणत्या जिवाणूत राहतो, त्याला मारतो की त्याच्याबरोबर नांदतो, हे त्या अक्षरांवरून अंदाजानेच सांगावं लागत होतं. २०१८ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या शास्त्रज्ञांनी त्याच घराण्यातला एक फाज प्रत्यक्ष जिवाणूत वाढवून दाखवला तेव्हा तो अंदाज पडताळता आला. अक्षरांचा संच कुणाच्या शिरेतून देता येत नाही. त्यासाठी वस्तू हवी, आणि वस्तू हवी तर साय आणि भोक हवंच.

तिसरा आक्षेप उपचारावरच आहे. एका मुलीची गोष्ट सांगून फाजचं गुणगान करणं म्हणजे १९३० च्या दशकातली चूक पुन्हा करणं नव्हे का? म्हणूनच पुढचे आकडे सांगितले पाहिजेत. मायकोबॅक्टेरियांच्या संसर्गावर फाज दिलेल्या २० रुग्णांचा वृत्तांत २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ११ जणांत चांगला परिणाम दिसला, उरलेल्यांत दिसला नाही किंवा ठरवता आला नाही. एका ८१ वर्षांच्या रुग्णात काही आठवड्यांनी शरीरानेच फाजविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आणि ते निकामी झाले. अ‍ॅबसेससच्या ज्या वाणांच्या वसाहती गुळगुळीत दिसतात त्यांच्यापुढे तपासलेले फाज हरले. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक ज्या देशात आहे त्या आपल्या देशाला हे जवळून माहीत असायला हवं, कारण डी२९ सारखा मातीतूनच मिळालेला फाज क्षयाच्या जंतूला प्रयोगशाळेत मारतो हे १९५४ पासून ठाऊक आहे आणि तरी क्षयावर फाज हे रोजचं औषध झालेलं नाही. क्षयाचा जंतू आपल्याच पेशींच्या आत दडून बसतो, तिथे फाज पोचवणं अवघड. पण हे सगळं अपयश १९३४ च्या अपयशापेक्षा वेगळ्या जातीचं आहे. तेव्हा बाटली का चालली नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आज कोणता फाज, कोणत्या वाणावर, किती आठवड्यांनी, कशामुळे थांबला हे बऱ्याच रुग्णांत सांगता येतं, आणि पुढचा फाज कशा तऱ्हेचा हवा हेही त्यातूनच ठरतं. ओळख पटलेल्या फाजचं अपयशही उपयोगी पडतं.

मातीकडे अशा नजरेने पाहणं महाराष्ट्राला परकं नाही. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या एका स्ट्रेप्टोमायसीसपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं गेलं, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरी कायमची बसली: स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. गावाची माती, तिच्यातला जीव, त्याला दिलेलं नाव आणि नोंद, हे सगळं तिथे पुरं झालं होतं. फाजच्या बाबतीत मात्र आपण पहिल्या पायरीवर थांबतो. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या कॉलेजांत सांडपाण्यातून ई. कोलायचा फाज वेगळा काढण्याचं प्रात्यक्षिक असतं. मुलं सांडपाणी गाळतात, अगार ओततात, दुसऱ्या दिवशी साय उजेडासमोर धरतात. भोकं मोजली जातात, मिलिलिटरला किती हे गणित जर्नलमध्ये येतं, सही होते. कुठलं सांडपाणी, कोणत्या नाल्याचं, कोणत्या महिन्यातलं, हे लिहायला त्या पानावर जागा नसते. तीनदा शुद्ध करणं, जाळी होईपर्यंत वाढवणं, ग्लिसरॉलमध्ये घालून खोल गारठ्यात ठेवणं, हे अभ्यासक्रमात येत नाही. परीक्षेचा मोसम आला की प्लेटा एकावर एक रचल्या जातात, पिशवीत बांधल्या जातात आणि ऑटोक्लेव्हमध्ये जातात: १२१ अंश, पंधरा मिनिटं. झाकण उघडतं तेव्हा अगार वितळून साय त्यात मिसळलेली असते, आणि तिच्यातली भोकंही.